माळ्यावरचं मशीन खाली काढा

मैत्रिणींनो, आपल्या घरी, नाहीतर माहेरी, नाहीतर एखाद्या आत्या-मावशीकडे एक मशीन असतंच असतं. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि ठसठशीत अक्षरात ‘सिंगर’ किंवा ‘उषा’. एकेकाळी खिडकीपाशी, भरपूर उजेडात त्याची मानाची जागा होती. बाळाची झबली-टोपडी, मुलींचे परकर, शाळेचे गणवेश, जुन्या पातळांची दुपटी, सगळं त्यावरच व्हायचं. मग तयार कपडे स्वस्त झाले, फ्लॅट लहान झाले आणि मशीन माळ्यावर गेलं. एक दिवस भंगारवाला येतो, काट्यावर तोलतो आणि बिडाच्या भावाने घेऊन जातो. शंभर वर्षं चाललेल्या आणि आणखी पन्नास वर्षं चालू शकणाऱ्या यंत्राची किंमत होते किलोवर!

हल्ली याहून एक नवा प्रकार निघालाय. मशीनच्या नक्षीदार लोखंडी पायांवर संगमरवरी फरशी टाकायची आणि हॉटेलात टेबल करायचं, किंवा वर बेसिन बसवायचं. दिसायला छान दिसतं, नाही म्हणत नाही मी. पण वरचं मशीन कुठे जातं? भंगारातच. इंग्लंडमधल्या ‘ऑलसेंट्स’ या कपड्यांच्या दुकानांनी तर काचेमागे रांगाच्या रांगा लावून जुनी शिवणयंत्रं मांडली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. शिवणाऱ्या यंत्राने नुसतं बघून घेण्यासाठी उभं राहायचं, हे माझ्या मनाला काही पटत नाही.

परदेशात जुनी यंत्रं जमवून, खोलून, पुन्हा चालू करण्याचा मोठा छंद आहे. कुणी जुने ट्रॅक्टर जमवतं, कुणी मोटारसायकली, तर कुणी झाडं कापायच्या जुन्या पेट्रोल करवती! गंमत अशी, की यातल्या दोन छंदांचं मूळ एकाच घरात सापडतं. स्वीडनची हुस्कवर्ना कंपनी १६८९ सालची, सुरुवातीला बंदुका करायची. १८७२पासून तिने शिवणयंत्रं केली आणि १९५९पासून यंत्रकरवती. म्हणजे एकाच नावाची करवत नवऱ्याच्या शेडमध्ये आणि शिवणयंत्र बायकोच्या खोलीत. लंडनमध्ये तर जुन्या शिवणयंत्रांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. संग्राहकांची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही आहे आणि मशीनवरच्या नंबरावरून त्याचं जन्मसाल सांगणारे तक्ते अशा हौशी मंडळींनी जपून ठेवलेत.

हे तक्ते आपल्याही कामाचे आहेत बरं का. सिंगर असेल तर मशीनच्या पाटावर उजव्या हाताला कोरलेला नंबर पाहा. नुसते आकडे असतील तर मशीन साधारण १९०० सालाच्या आधीचं. आकड्यांच्या आधी इंग्रजी अक्षर असेल तर त्यानंतरचं. दोन अक्षरं असून पहिलं ‘ई’ असेल, तर ते बहुधा १९३५नंतर स्कॉटलंडमध्ये तयार झालेलं. पणजीच्या लग्नातलं म्हणून सांगितलेलं मशीन खरंच तेवढं जुनं आहे का, ते लगेच कळतं!

जन्मच दुरुस्तीतून

या मशीनची कथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, तर पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी पोट मारलं जाईल या भीतीने त्याचा कारखाना फोडला. अमेरिकेत त्याच सुमारास वॉल्टर हंटने असं यंत्र केलं. पण हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायकांचं काम जाईल असं त्याच्या मुलीने म्हटलं आणि त्याने पेटंटच घेतलं नाही, असं सांगतात. पुढे याच हंटने आपली सेफ्टी पिन काढली. १८४६ साली इलायस हाऊने पेटंट घेतलं. आणि आयझॅक सिंगर? तो १८५० साली बोस्टनमधल्या एका कारखान्यात होता. तिथे एक प्रकारची शिवणयंत्रं सारखी दुरुस्तीला यायची. ही इतकी बिघडतात तरी का, हे बघता बघता त्याने नवीच रचना केली आणि १८५१ साली पेटंट मिळवलं. म्हणजे सिंगर मशीनचा जन्मच मुळी दुरुस्तीच्या टेबलावर झाला.

१८५६पासून ही कंपनी हप्त्याने मशीन देऊ लागली आणि ते सामान्य घरात शिरलं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगरचा व्यापार देशभर पसरवला. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असं आपण शाळेत शिकलो, पण १९२४ साली बोलताना त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणकामाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले. आता खरं सांगायचं तर या सिंगरसाहेबांचे संसार अनेक आणि मुलं दोन डझनांच्या घरात! तेव्हा प्रेमाचं राहू द्या. पण कष्ट कमी झाले, हे मात्र खरं.

आणि ही मशिनं बनवणारे हात कुणाचे होते? आपल्याकडची कितीतरी जुनी सिंगर मशिनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली आहेत. १८८५ साली सुरू झालेला हा कारखाना जगातला सगळ्यात मोठा शिवणयंत्र-कारखाना होता. १९११च्या मार्चमध्ये तिथे मशीनच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांनी काम बंद केलं. माणसं कमी करून तेच काम त्यांच्यावर ढकललं होतं, तेही कमी पैशांत. बघता बघता सगळा कारखाना, हजारो कामगार त्यांच्यामागे उभे राहिले. संप तीनेक आठवडे चालला आणि मोडला. पुढाऱ्यांना कामावरून काढलं. १९८० साली कारखानाही बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून ‘सिंगर’च आहे. आपल्या माळ्यावरच्या मशीनच्या पेटीवरही कदाचित अशाच एखादीचा हात फिरला असेल.

आपल्या देशात १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ मशीन बनू लागलं. पुढे लुधियाना या धंद्याचं मोठं केंद्र झालं. यातली बरीच मशिनं जुन्या सिंगरच्याच ‘क्लास पंधरा’ रचनेवर बेतलेली. म्हणूनच आजही तालुक्याच्या बाजारात बॉबिन, बॉबिन केस, सुई, पट्टा सगळं मिळतं. साठ वर्षांपूर्वीच्या मिक्सरचा सुटा भाग मिळतो का बघा बरं कुठे!

स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात?

आमच्या महिला मंडळाने काही वर्षांपूर्वी अशी पडून असलेली मशिनं मागून आणायला सुरुवात केली. बाजारपेठेत चाळीस वर्षं मशीन दुरुस्ती करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडून ती नीट करून घ्यायची आणि गरजू बाईला द्यायची, एवढाच बेत. एका काकूंकडे गेलो तर मुलगा म्हणाला, “खालचा स्टँड आम्ही बेसिनला ठेवणार, वरचं न्या.” आतून काकू बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “याच्यावर ब्लाउज शिवून तुझी इंजिनिअरिंगची फी भरलीय. जाईल तर अख्खं जाईल आणि चालवणारणीकडेच जाईल.” मुलगा काही बोलला नाही. त्यानेच ते टेंपोपर्यंत उचलून आणलं.

ते मशीन शेजारच्या गावातल्या एका ताईला दिलं. पदरात दोन मुलं, नवऱ्याने टाकलेली. तिच्याकडे आधी एका कार्यक्रमात मिळालेलं नवं मशीन होतं. ते सहा महिन्यांत बंद पडलं, तालुक्याला न्यायला रिक्षाचे पैसे नव्हते, म्हणून तसंच कोपऱ्यात पडून होतं. योजना पुष्कळ आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे, चांगलंच आहे. पण मशीन मिळालं आणि बिघडलं, की पुढे काय?

तेव्हा लक्षात आलं, की मशीन बाईचं, पण स्क्रूड्रायव्हर कायम पुरुषाच्या हातात. जन्मभर चालवते ती, आणि दोरा अडकला की वाट बघते मिस्त्रीची. मग आम्ही चाचांनाच म्हटलं, “चाचा, आम्हालाच शिकवा.” ते हसले. म्हणाले, “बेटी, ह्यात काही जादू नाही. नव्वद टक्के मशिनं मेलेली नसतात, फक्त जाम असतात.” त्या ताईने पहिल्याच दिवशी स्वतःचं बंद मशीन खोललं. हुकाच्या मागे दोऱ्याचा गुंता अडकला होता, एवढंच! आता गावातल्या सात-आठ जणींची मशिनं तीच बघते आणि शिलाईपेक्षा दुरुस्तीचे पैसे बरे मिळतात म्हणते.

असं करा

चाचांकडून शिकलेलं थोडक्यात सांगते. सगळ्यात आधी, चाक फिरत नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा आतलं जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं. खोबरेल किंवा गोडं तेल घातलेलं असेल तर हमखास! चांगल्या उन्हात तासभर ठेवा किंवा केस वाळवायच्या ड्रायरने सांधे गरम करा. मग प्रत्येक भोकात आणि लोखंडावर लोखंड घासतं अशा प्रत्येक सांध्यात मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी चाक हलकेच मागे-पुढे करा. एका दिवसात नाही हललं तर दोन-तीन दिवस हेच करा.

सोनेरी नक्षीला जपा. तिच्यावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं आणि स्पिरिट किंवा थिनर लागलं की ते विरघळून नक्षी निघून येते. मऊ सुती फडक्यावर मशीनचं तेल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. साबण-पाणी नको.

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक स्क्रू काढताना पुन्हा काढा. स्क्रू ठेवायला जुना मिसळणाचा डबा उत्तम, एका भागाचे स्क्रू एका वाटीत. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच हवा, नाहीतर खाच झिजते. सुईखालची पत्र्याची पट्टी काढा. खाली दात्यांमध्ये वर्षानुवर्षांची वूळ दाबून बसलेली दिसेल, ती टाचणीने आणि जुन्या टूथब्रशने काढा. बॉबिन केस आणि हूक काढून दोऱ्याचे तुकडे शोधा. दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या दोन चकत्यांमध्येही धागे अडकतात. फूट वर उचललं की चकत्या सैल होतात, तेव्हा जाड दोरा आतून ओढून घ्या.

मग नवी सुई, तीही त्या मशीनच्या नंबराचीच. सुईला ज्या बाजूने लांब खाच असते, त्याच बाजूने दोरा ओवायचा. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबता ठेवा आणि हलका झटका द्या. बोट-दोन बोटं खाली सरकून थांबलं, तर ताण बरोबर. सरसर खाली आलं तर सैल, हललंच नाही तर घट्ट. नंतर सुती कापडावर टीप मारून बघा. खाली दोऱ्याचे फास दिसत असतील, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो, पुन्हा पहिल्यापासून ओवा. पायमशीनचा चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर थोडा कापून परत जोडता येतो. बॉबिन भरायच्या चाकाचं रबर वाळलं असेल तर नवं आणा, अगदी थोडक्यात मिळतं.

एकच गोष्ट स्वतः करू नका. जुन्या मशीनला मोटर लावलेली असेल तर वायरीवरचं रबर तपासल्याशिवाय प्लग घालू नका. वर्षांनी ते तडकतं आणि शॉक बसतो. ते काम वायरमनलाच द्या.

परदेशातल्या काही सेवाभावी संस्थांनी निवृत्त माणसांकडून अशी जुनी मशिनं दुरुस्त करून घेतली आणि आफ्रिकेतल्या शिवणवर्गांना पाठवली. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. चालवणारी बाई पुढच्या गल्लीतच असते.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा माळ्यावर हात घाला. घरात कुणी चालवणारं असेल तर उत्तमच, सुनेला-लेकीला शिकवा, आणि हो, मुलालाही. नसेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी शेजारीपाजारी, बचत गटात एकदा विचारा. देताना मशीनबरोबर तेलाची बाटली आणि एक स्क्रूड्रायव्हरही द्या, आणि तो कसा धरायचा ते तिला दाखवा.