असोद्याच्या बहिणाबाई

ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्या बहिणाबाई चौधरींचें नांव २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास देण्यांत आलें, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

जळगांवनजीकच्या असोदें गांवीं, शेतकरी घरांत, १८८० सालीं त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं त्या जळगांवच्या चौधरी घराण्यांत सून म्हणून आल्या. पुढें ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. पदरीं लेंकरें आणि माथ्यावर शेताचा भार. तथापि जात्यावर दळतांना, शेतांत राबतांना त्यांच्या मुखांतून गाणीं सहज उमटत. माहेर, पेरणी, पांखरें, माणसाचें चंचल मन, सारें त्यांनीं खानदेशी बोलींत गाइलें.

त्यांचे पुत्र, कवि सोपानदेव, व एक आप्त यांनीं त्यांतील कांहीं गाणीं कानीं पडतां टिपून ठेविलीं. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्या. पुढें सोपानदेवांनीं तें बाड आचार्य अत्र्यांस दाखविलें आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ सालीं ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हा संग्रह निघाला.

जीं टिपलीं, तेवढींच उरलीं. बाकीचीं जात्याच्या घरघरींत विरलीं. आमच्या घरोघरींच्या आजीबाईंच्या ओंठींही अशा ओव्या असतील. घरांतील शिकल्यासवरल्या मुलांमुलींनीं वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें, इतकेंच आमचें सांगणें.