डागडुजी हवी, बिऱ्हाडबदल नको

संगणक आपल्या घरात आला त्याला आता बरीच वर्षे झाली. वकिलाची कचेरी, डॉक्टरांचा दवाखाना, पतपेढी, छापखाना, मुलांच्या अभ्यासाचे टेबल, सर्वत्र तो ठाण मांडून बसला आहे. इतका रोजचा सहवास असूनही एका बाबतीत त्याची धास्ती बहुतेकांना वाटते. संध्याकाळी काम आटोपून यंत्र बंद करावे, तो पडद्यावर सूचना येते : ‘अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका.’ मग सकाळी यंत्र सुरू करताना मनात शंका येते, की आज काय बदललेले असणार? या धास्तीमुळे लोकांचे दोन पक्ष झाले आहेत. पहिला पक्ष पडद्यावर येईल त्या प्रत्येक सूचनेला ‘होय’ म्हणून मोकळा होतो. दुसरा एखाद्या जाणत्या मुलाला बोलावून सगळी अपडेट कायमची बंद करून घेतो. हे दोन्ही मार्ग आम्हाला चुकीचे वाटतात. त्यांच्या मधून जाणारा तिसरा मार्ग आहे, आणि तो समजायला तंत्रज्ञ असण्याची मुळीच गरज नाही.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. यंत्र आणि आपली कामे यांच्यामध्ये एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही त्यांपैकी आपल्याकडे सर्वांत परिचित. लक्षावधी ओळींच्या या प्रणालीत काही फटी राहून जातात. त्या सापडतील तशा बुजवण्यासाठी कंपनी जे पाठवते ते अपडेट, म्हणजे डागडुजी. सैल झालेली कडी बदलावी, गळणारे कौल शाकारावे, तसा हा प्रकार. घर तेच राहते. अपग्रेड म्हणजे मात्र आपले सगळे सामान उचलून दुसऱ्या घरात नेऊन मांडणे. नवे घर अधिक हवेशीर असेलही. पण आजोबांचे कपाट त्याच्या दारातून आत जाईलच असे नाही. अडचण अशी झाली आहे, की डागडुजीचा गवंडी आणि बिऱ्हाड हलवणारे हमाल हे दोघेही एकाच दाराने आणि एकाच नावाने येऊ लागले आहेत.

अपग्रेड नको म्हणणारा मनुष्य हटवादी असतो, असा एक समज आहे. वस्तुतः त्याच्यापाशी सबळ कारणे असतात. नव्या प्रणालीत जुना छपाईयंत्राचा संच चालेनासा होतो, कारण त्याच्या कंपनीने नव्या प्रणालीसाठी जोडणीचे सॉफ्टवेअर काढलेलेच नसते. आपल्या मराठी छापखान्यांची गोष्ट घ्या. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची मराठी अक्षरांची आपापली सांकेतिक व्यवस्था होती. त्या काळात जुळवलेली पुस्तके आजही त्या त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच धड उघडतात. ते सॉफ्टवेअर बंद पडले तर वीस वर्षांचे काम कुलूपबंद होते. शिवाय ज्या वृद्ध गृहस्थांनी मोठ्या कष्टाने कोणते बटण कोठे आहे हे पाठ केले, त्यांना एका रात्रीत सारी मांडणी बदललेली दिसली, तर त्यांचा धीर सुटतो. ही कारणे क्षुल्लक नव्हेत.

आता हा अविश्वास मुळात आला कोठून ते पाहू. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना ती एक वर्ष विनामूल्य देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. येथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. परंतु त्या प्रणालीची जाहिरात करणारी छोटी खिडकी लोकांच्या यंत्रांत शिरली ती अपडेटच्या मार्गानेच. पुढे अनेकांच्या यंत्रांत, त्यांनी न मागताच, नव्या प्रणालीच्या काही जीबी आकाराच्या फायली आधीच उतरून बसल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये या अपग्रेडची गणना ‘शिफारस केलेल्या’ अपडेटमध्ये झाली, आणि मे २०१६ मध्ये तर कहर झाला. खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली की ती बंद होते, म्हणजे आपला नकार कळतो, हे संगणक शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितले जाते. या खिडकीत मात्र फुली मारली तरी ठरलेल्या वेळेचे अपग्रेड कायम राहत असे. ओरड झाल्यावर जूनच्या अखेरीस स्पष्ट नकाराचे बटण देण्यात आले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात एका बाईने, न मागितलेल्या अपग्रेडमुळे धंद्याचे नुकसान झाले म्हणून, न्यायालयातून १०,००० डॉलर मिळवले. आपण फार पुढे गेलो, अशी कबुली त्या कंपनीच्या विपणन प्रमुखांनीही वर्षअखेरीस दिली.

या सगळ्या प्रकारात खरा तोटा झाला तो विश्वासाचा. चिडलेल्या लोकांनी हमालांना अडवण्यासाठी दारच लावून घेतले, आणि त्याबरोबर गवंड्याचेही येणे बंद झाले. दार असे बंद ठेवल्याने काय होते, ते पुढच्याच वर्षी जगाने पाहिले.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक मोठी फट बुजवणारी दुरुस्ती पाठवली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा त्याच फटीतून जगभर पसरला. यंत्रातील कागदपत्रे सांकेतिक भाषेत कोंडून ठेवायची आणि सोडवण्यासाठी ३०० डॉलर मागायचे, असा त्याचा धंदा होता. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळीत झाले आणि हजारो रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी पुढे चौकशी केली. तिच्यातला एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. किडा लागलेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती. ती प्रणाली जुनी होती, पण तिची डागडुजी त्या वेळी चालू होती. मार्चची दुरुस्ती तेवढी या यंत्रांत बसवलेली नव्हती. म्हणजे घर जुने होते म्हणून चोर शिरला नाही. कडी बदलली नव्हती म्हणून शिरला. कोणी आळसाने अपडेट टाळले असेल, कोणी कामाच्या घाईने, कोणी रागाने; किड्याने कारण विचारले नाही.

हे सारे दूर देशी घडले असे समजून आपण निर्धास्त राहू नये. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा किडा युक्रेनमधून निघाला. त्याने मर्स्क या जहाज-समूहाचे व्यवहार ठप्प केले, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाच्या धक्क्यावरचे कामही अडले. या किड्याने तीच जुनी फट वापरली, तसेच चोरलेले संकेतशब्दही वापरले. आणि तो मुळात शिरला होता युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट हे काही तुळशीपत्र नव्हे, की ठेवले की सारे शुद्ध झाले. ते आवश्यक आहे, पण त्याच्या जोडीला आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या जागी असलीच पाहिजे.

मग गवंड्याला आत घ्यायचे आणि हमालांना उंबऱ्यावर थांबवायचे, हे साधावे कसे? पहिली गोष्ट, नाव वाचायला शिकणे. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्यांचा वार ठरवून दिला आहे : दर महिन्याचा दुसरा मंगळवार. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून आपल्या यंत्रात त्या बहुधा बुधवारी दिसतात. ‘सिक्युरिटी’ किंवा ‘क्युम्युलेटिव्ह’ असा शब्द नावात दिसला की तो गवंडी समजावा आणि त्याला आत घ्यावे. ‘फीचर अपडेट’ किंवा ‘अपग्रेड’ हे शब्द दिसले की ते हमाल. ‘प्रीव्ह्यू’ म्हणजे नमुना. तो घेतला नाही तरी बिघडत नाही, कारण त्यातील दुरुस्त्या बहुधा पुढच्या महिन्याच्या संचात येतातच.

दुसरी गोष्ट, खिडकीतील सर्व मजकूर वाचल्याशिवाय टिचकी न मारणे. विंडोज १० मध्ये ११ चे आमंत्रण येते तेव्हा ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल’ हे बटण ठळक असते, आणि ‘सध्या विंडोज १० वरच राहा’ या अर्थाची इंग्रजी ओळ त्याच्या शेजारी साध्या अक्षरांत असते. आपल्याला हवी ती ही साधी ओळ. विंडोज ११ मध्ये नवनवीन गोष्टी सर्वांआधी मिळवण्याचा एक खटका अपडेटच्या पानावर असतो. तो बंद ठेवला तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या येतच राहतात.

तिसरी गोष्ट, खुंटा ठोकणे. विंडोजच्या ‘प्रो’ प्रकारात ‘ग्रुप पॉलिसी’ नावाची नियमावली असते. तीत अपडेटच्या विभागात ‘टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ निवडण्याचा एक नियम आहे. त्याच्या एका चौकटीत प्रणालीचे नाव आणि दुसरीत आवृत्तीचा क्रमांक रोमन लिपीत लिहायचा. उदाहरणार्थ, विंडोज १० ची शेवटची आवृत्ती ‘२२एच२’. एवढे केले की यंत्र त्या आवृत्तीला बांधले जाते आणि मासिक दुरुस्त्या मात्र चालू राहतात. आपली आवृत्ती कोणती हे ‘विनव्हर’ ही आज्ञा दिली की कळते. ‘होम’ प्रकारात ही नियमावली नसते. तेथे जाणकाराचे साहाय्य घ्यावे. ‘अपडेट काही आठवडे थांबवा’ हे बटण मात्र या कामाचे नव्हे. ते गवंडी आणि हमाल दोघांनाही थांबवते. परीक्षेचा किंवा जमाखर्च बंद करण्याचा आठवडा असेल तेवढ्यापुरता त्याचा उपयोग करावा.

कधीतरी अपग्रेड स्वखुशीने करायचे झाले, तरी पहिल्या दिवशी करू नये. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची नवी आवृत्ती आली आणि काही लोकांच्या यंत्रांतील कागदपत्रेच तिने पुसून टाकली. कंपनीने चारच दिवसांत तिचे वाटप थांबवले आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला ती पुन्हा दिली. ज्यांनी महिना-दोन महिने वाट पाहिली त्यांचे काहीही गेले नाही. आणि अपग्रेड चुकून झालेच, तर ‘रिकव्हरी’ या पानावरून साधारण दहा दिवसांच्या आत जुन्या घरी परतता येते. तेव्हा हाय खाऊन महिनाभर स्वस्थ बसू नये.

ज्यांना हा सारा झगडाच नको असेल, त्यांच्यासाठी लिनक्सच्या जगात वेगळी रीत आहे. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. दुरुस्त्या आपोआप येतात. पुढच्या आवृत्तीकडे जायचे की नाही हे मात्र ती विचारते आणि उत्तराची वाट पाहते. दोन वेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगळी दारे ठेवता येतात, याचा हा पुरावाच आहे.

परंतु एक कटू गोष्ट सांगितली नाही तर आम्ही श्रोत्यांशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही. नकाराचा हक्क आहे, पण त्याला मुदत आहे. ज्या घराची डागडुजी करणारा गवंडीच निवृत्त झाला, त्या घरात किती दिवस राहायचे? विंडोज ७ ची सर्वसाधारण सेवा १४ जानेवारी २०२० ला संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. १० च्या घरगुती ग्राहकांसाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची योजना कंपनीने जाहीर केली. अशी मुदत संपली की जुन्या प्रणालीचा खुंटा काढावा, किंवा ते यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या कामापुरते ठेवावे. छापखान्यातील जुनी पुस्तके उघडणारे यंत्र असे एकांतात सुखाने जगू शकते. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नयेत.

शेवटी, हा प्रश्न आपल्या एकट्याच्या सोयीचा नाही. वॉनाक्राय एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात कोणाच्याही टिचकीवाचून पसरत होता. आपल्या अंगणातील तुंबलेल्या पाण्यावरचे डास जसे सगळ्या आळीला चावतात, तसेच हे आहे. म्हणून कंपनीला नाही म्हणण्याचा आपला हक्क आपण जरूर बजावावा. पण तो बजावताना शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य विसरू नये. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने यंत्र उघडून दोनच गोष्टी पाहाव्यात : आपली आवृत्ती कोणती, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसली. ती तारीख दोन महिन्यांहून जुनी असेल, तर सकाळची वाट न पाहता दार उघडून गवंड्याला आत घ्यावे.