कॉजवेचा कातळ आणि सुझॅना ड्रुरीची नजर

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे येथे सुमारे ४०,००० काळे दगडी स्तंभ कड्याच्या पायथ्यापासून थेट समुद्रात उतरत गेले आहेत. फिन मॅककूल या महाकाय वीराने स्कॉटलंडला जाण्यासाठी हा रस्ता बांधल्याची दंतकथा सर्वश्रुत आहे, आणि १९८६ साली या स्थळाला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून तेथील पर्यटकांचा ओघही वाढता राहिला आहे. मात्र या कातळाच्या उत्पत्तीचे कोडे सुटण्यास ज्या चित्रकर्तीचा हातभार लागला, तिची दखल तिच्या कामगिरीच्या मानाने फारच थोडी घेतली गेली.

लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत कॉजवेची वार्ता १६९३ मध्ये पोचली आणि पाठोपाठ त्याची चित्रेही छापली गेली. परंतु ती चित्रे पाहून दगडाविषयी काही अनुमान काढावे, इतका नेमकेपणा त्यांत नव्हता. तो नेमकेपणा सुझॅना ड्रुरी या आयरिश चित्रकर्तीने १७३९ च्या सुमारास आणला. पूर्वेकडून व पश्चिमेकडून दिसणारी कॉजवेची दृश्ये तिने चर्मपत्रावर जलरंगांत रंगवली. मेरी डिलेनी यांच्या पत्रव्यवहारातील नोंदीनुसार ती त्यासाठी तीन महिने जवळपास मुक्कामाला होती आणि जवळजवळ रोज किनाऱ्यावर जात असे. तिच्या चित्रांत नटूनथटून आलेले प्रवासी दगडांवर फिरताना दिसतात, आणि त्यांच्यामुळे स्तंभांच्या आकारमानाचाही अंदाज येतो. डब्लिन सोसायटीने १७४० मध्ये तिला २५ पौंडांचे पारितोषिक दिले, तर पुढे काही वर्षांतच फ्रांस्वा विवारे याने या दृश्यांच्या ताम्रपटांवरून प्रती छापल्यामुळे कॉजवे युरोपभरच्या अभ्यासकांच्या मेजावर पोचला.

फ्रान्समधील निकोला देमारे हा अशांपैकीच एक होता. ऑव्हेर्न प्रांतात १७६३ मध्ये त्याला असेच बहुकोनी स्तंभ आढळले, आणि ते जुन्या ज्वालामुखीतून वाहत आलेल्या लाव्हारसाच्या प्रवाहाचाच भाग असल्याचे त्याने ओळखले. दिदेरोच्या विश्वकोशाच्या १७६८ मधील चित्रखंडात ड्रुरीचे दृश्य छापले गेले तेव्हा सोबतच्या टिपणात देमारेने कॉजवेही ज्वालामुखीजन्य असल्याचे नमूद केले. त्याचा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे: सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी साचलेला लाव्हारस थंड होताना आकसला, त्यास भेगा पडल्या आणि त्या खोलवर उतरत गेल्याने बहुधा षट्कोनी स्तंभ तयार झाले. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे याच प्रक्रियेचे मुंबईतील उदाहरण असून तिचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसापासून बनलेला काळा कातळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

वाद मात्र एवढ्यावर मिटला नाही. बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साचलेला गाळाचाच खडक आहे, असे जर्मनीतील वेर्नर आणि त्याचे अनुयायी मानत; हा पक्ष जलवादी म्हणून ओळखला जाई. कॉजवेच्या पश्चिमेस काही मैलांवर असलेल्या पोर्टरशच्या खडकात अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी सागरी प्राण्यांचे जीवाश्म, सापडताच रेव्हरंड विल्यम रिचर्डसन यांनी तो जलवादाचा निर्णायक पुरावा म्हणून पुढे केला, कारण तप्त लाव्हारसात शंख टिकणे अशक्य होते. तर्क निर्दोष होता, खडकाची ओळख तेवढी चुकली होती: तो बेसाल्ट नसून, शेजारून घुसलेल्या शिलारसाच्या उष्णतेने भाजून कठीण व काळा झालेला समुद्री चिखल होता, आणि त्यातील शंख त्या शिलारसाच्या कितीतरी आधीचे होते.

या साऱ्या प्रकरणात मताच्या समर्थनासाठी दगड पाहणारा विद्वान फसला, आणि कोणताही सिद्धान्त न मांडता दगडाचा सांधा जसा दिसला तसा उतरवणाऱ्या चित्रकर्तीचे काम मात्र शास्त्राच्या उपयोगी पडले. कॉजवेला जाणाऱ्याने म्हणूनच स्तंभांवर छायाचित्रे काढून परतण्याऐवजी पोर्टरशच्या त्या सपाट काळ्या खडकाचेही दर्शन घ्यावे. दिसायला तो सामान्य असला, तरी या वादाची खरी गुंतागुंत तेथेच समजते.