शेजारच्या खोलीची खिडकी

हार्वर्डच्या ग्रंथालयातली एक छोटी खोली. दोघं जण वाचत बसले आहेत. एकाला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद. असे वाद आपल्याकडे रोज होतात, पंख्यावरून नाहीतर टीव्हीच्या आवाजावरून. ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, किंवा खिडकी अर्धी उघडून दोघंही कुरकुरत बसतात. त्या दिवशी मात्र तिसरंच घडलं. शेजारच्या खोलीत कोणी नव्हतं, तिथली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा हवी होती, ती मिळाली. तिला उत्तरेचा गार वारा थेट अंगावर नको होता, तो आला नाही. कोणालाच काही सोडावं लागलं नाही!

ही तिसरी वाट उद्योगजगताला दाखवणारी बाई म्हणजे मेरी पार्कर फॉलेट. खिडकी बंद हवी असणारी ती वाचकही त्याच. जानेवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्या ५६ वर्षांच्या होत्या. त्यांनी कधी कारखाना चालवला नव्हता, व्यवस्थापनाची पदवीही घेतली नव्हती. तरी उद्योगातली माणसं त्यांचं ऐकायला येत. हे शहाणपण त्यांनी कुठून मिळवलं?

सरकार जवळून पाहून. १८६८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी गावी त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमध्ये तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून त्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजात शिकल्या. पदवी हाती पडायच्या आधीच, १८९६ साली, त्यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सभापतिपदावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यासाठी माजी सभापतींना भेटून, सत्ता कागदावर कशी असते आणि प्रत्यक्षात कशी चालते, हे त्यांनी समजून घेतलं. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला त्यानंतर २४ वर्षं लागली.

पुढे त्या बोस्टनच्या कष्टकरी वस्त्यांत काम करू लागल्या. शाळांच्या इमारती संध्याकाळी कुलूप लावून पडून असतात, त्या वस्तीसाठी का उघडू नयेत, असा त्यांचा साधा प्रश्न होता. १९११ मध्ये ईस्ट बोस्टनच्या हायस्कुलात वस्तीसाठी असं केंद्र सुरू झालं.

आणि मग राज्य सरकारचं काम. मॅसॅच्युसेट्सने १९१२ साली अमेरिकेतला पहिला किमान वेतन कायदा केला, स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी. एकेका धंद्यासाठी वेतन मंडळ नेमायचं. टेबलाच्या एका बाजूला मालकांचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला कामगारांचे आणि सोबत जनतेचे. गंमत म्हणजे या कायद्याच्या हातात दंडुका नव्हता. ठरलेलं वेतन न देणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं, एवढीच शिक्षा. म्हणजे दोन्ही बाजूंना मनापासून पटेल असा आकडा निघाला नाही, तर सगळी मेहनत वाया. फॉलेट अशा मंडळांवर जनतेच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या. दोन्हीकडचं ऐकणारी ती खुर्ची म्हणजे त्यांची खरी शाळा.

भांडण मिटवायचे तीन मार्ग त्यांनी सांगितले. पहिला दडपण्याचा: एक जिंकतो, दुसरा मनात धरून ठेवतो. दुसरा तडजोडीचा: चार आणे तू सोड, चार आणे मी सोडतो. यात दोघंही थोडे थोडे हरतात आणि भांडण पुन्हा डोकं वर काढतं. तिसरा मेळ घालण्याचा. माणूस काय मागतोय यावर अडून न बसता, त्याला खरोखर काय हवंय ते शोधायचं.

त्यांचं दुसरं उदाहरण तर थेट दूध डेअरीचं आहे. डेअरी उतारावर. वरून उतरणारे दूधवाले म्हणत, आमचे कॅन आधी उतरवा. खालून चढून येणारे म्हणत, आमचे आधी. वाद इतका चिघळला की सहकारी संस्थाच मोडायची वेळ आली. पाळ्या लावून देणं हा झाला तडजोडीचा मार्ग. पण कोणीतरी सुचवलं, कॅन उतरवायचा फलाटच असा हलवा की दोन्ही बाजूंनी एकाच वेळी माल उतरेल. बस्स! ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरला नाही.

मेळ नेहमीच बसतो, असा दावा फॉलेट यांनी केला नाही. दोन भावांना एकाच वडिलोपार्जित घरात राहायचं असेल तर काही सोडावंच लागतं, हे त्या मोकळेपणाने मान्य करत. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपण शोधण्याआधीच हार मानतो.

कारखान्यातल्या हुकमांबद्दलही त्यांनी असंच वेगळं सांगितलं. साहेबाने कामगाराला हुकूम सोडायचा नाही. दोघांनी मिळून परिस्थिती वाचायची आणि तिचा हुकूम मानायचा. १९३३ च्या सुरुवातीला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या नव्या व्यवसाय प्रशासन विभागात त्यांची व्याख्याने झाली. त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. पण खिडकीचा तो प्रसंग १९८१ च्या ‘गेटिंग टू येस’ या वाटाघाटींवरच्या गाजलेल्या पुस्तकातही आला.

आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही सरकारने नेमायच्या समित्यांची रचना अशीच होती: मालक आणि कामगारांचे समसमान प्रतिनिधी आणि त्यांच्यासोबत काही स्वतंत्र व्यक्ती. दोन्हीकडचं ऐकणारी ती खुर्ची आपल्या कायद्यातही होती.

घरात, सोसायटीच्या सभेत, ऑफिसात पुढच्या वेळी कोणी हट्टाला पेटलं, तर एकदा शांतपणे विचारून पाहा: तुला हे कशासाठी हवंय? शेजारच्या खोलीची खिडकी पुष्कळदा तिथेच असते. फक्त उठून बघावं लागतं.