प्रवरेच्या दगडांवरील करंडक

कोकणच्या किनाऱ्यावर तांबड्या सागरी शैवलांच्या अंगावर सूक्ष्म वनस्पतींची वस्ती असते व ती ऋतुमानाप्रमाणे भरते आणि ओसरते. अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्र नाही. परंतु त्या वस्तीची भावंडे अकोले-संगमनेरकडे प्रवरेच्या पात्रातही नांदतात. हिवाळ्यात नदीत उतरणाऱ्याचा पाय ज्या तपकिरी, बुळबुळीत थरावरून घसरतो, तो नुसता चिखल नव्हे. त्यात करंडक अथवा डायाटम नावाच्या एकपेशीय वनस्पती असतात.

कुंकवाच्या करंड्याप्रमाणे प्रत्येकीस तळ व झाकण अशी दोन शकले असतात. ती सिलिकेची, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याची होत. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजताना हे द्रव्य पाण्यात उतरते. पेशी दुभंगली म्हणजे प्रत्येक कन्येच्या वाट्यास आईचे एकेक शकल येते; गंमत अशी की, दोघीही त्याचे झाकणच करतात व तळ नवा घडवितात.

रतनगडाच्या बाजूस पाऊस कोसळू लागला की नदी गढूळ होते, प्रकाश तळाशी पोचत नाही आणि वाहती वाळू दगड घासून काढते. कोकोनीससारख्या दगडास सपाट चिकटणाऱ्या जाती तेवढ्या अशा वेळी तग धरतात. आश्विनात पाणी निवळल्यावर गोम्फोनीमासारख्या देठावर उभ्या राहणाऱ्या जाती त्यांच्यावर डोके काढू लागतात व थंडीत थर जाड होतो. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला म्हणजे हिरव्या तंतुमय शैवलांचे झुबके वाढतात आणि करंडक त्या तंतूंवर बिऱ्हाड करतात. समुद्रातील तांबड्या शैवलांवरचा संसार तो हाच.

हा क्रम निसर्गाचा झाला. पण १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि कालव्यांसाठी सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच ओझरच्या बंधाऱ्याकडे येऊ लागले. पुढे वाटेत निळवंड्याचेही धरण झाले. आवर्तन सुटले की ऐन रब्बीत वा उन्हाळ्यात दगडांवर लहानसा पावसाळाच येतो. ऊस-गव्हास जे पाणी जीवन, तेच या थरास झाडणी!

यात केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. करंडकांवरून पाण्याची शुद्धता अजमावता येते. सांडपाणी मिसळलेल्या प्रवाहात निट्झशिया पेलिया ही जात माजते. स्वच्छ, प्राणवायुयुक्त पाण्यात दुसऱ्या जाती वरचढ होतात. जातींची ओळख पटविण्यास सरोदे व कामत यांचा महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या डायाटमांवरील १९८४ सालचा ग्रंथ उपयोगी पडतो. परंतु आवर्तनानंतर लगेच दगड खरवडला, तर हाती येतात त्या धुऊन उरलेल्या चिवट जाती. त्यांवरून मैल्या पाण्याचाही निवाडा चांगला होण्याचा संभव असतो. म्हणून नमुन्याच्या बाटलीवर ठिकाण व तारीख यांबरोबरच मागील आवर्तन केव्हा सुटले व केव्हा थांबले, हेही लिहावे लागते.