शिवराईच्या पानावरची जाहिरात

माझ्या संकेतस्थळावरचं सगळ्यात जास्त वाचलेलं पान मी एका संध्याकाळी तासाभरात लिहून काढलं होतं. 'शिवराईची किंमत किती?' लग्नात, एसटीत, फोनवर लोक हेच विचारायचे, म्हणून एकदाचं उत्तर लिहून टाकलं. शिवराईवरच्या अक्षरवळणांचं पान जमवायला मात्र दोन वर्षं लागली आणि ते आजही दिवसाला आठ-दहा माणसंच उघडतात. जाहिरातींतून आलेल्या पैशाचा पंधरा वर्षांचा हिशेब घेऊन बसलो, तर सगळा हिशेब या दोन पानांतच येऊन थांबला.

सुरुवात २०१० ची. शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवाजी महाराजांनंतरही पेशवाईअखेरपर्यंत ती पाडली जात होती. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सगळा मजकूर एकाच नाण्यावर क्वचितच सापडतो. कुठे 'श्री' अर्धा कापलेला, कुठे 'शिव'चा 'सिव' झालेला. मजकुरामध्ये दोन आडव्या रेघा असल्या की ती दुदांडी. हे वाचायचं तर फोटो नीट हवा. सकाळी साडेआठला आमच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत काळं कापड पसरून मी नाणं ठेवतो. ऊन तिरकं आलं की झिजून गेलेली वेलांटीसुद्धा बारीकशी सावली टाकते आणि तेवढ्या पाच-सात मिनिटांत फोटो काढून घ्यावे लागतात. कुणी प्रेमाने चिंच लावून लख्ख घासून आणलेलं नाणं हातात ठेवलं की जीव कळवळतो. रंगाबरोबर अक्षराची धारही गेलेली असते.

पहिली जाहिरात पुण्यातल्या एका अल्बमवाल्यांची. नाण्यांचे अल्बम, प्लास्टिकचे कप्पे, भिंगं विकायचे. महिन्याला तीनशे रुपये ठरले. दुकानात त्यांनी दोनशेपानी वही ठेवली होती. 'साइट बघून आलो' असं कुणी म्हणालं की त्यात एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. पहिल्या तारखेला पैसे घ्यायला गेलो की वही उघडून माझ्यासमोर रेघा मोजायचे. "साहेब, या महिन्यात तुमचे अकरा." त्या तीनशे रुपयांत वर्षाचं होस्टिंग आणि डोमेन आरामात निघायचं. शिवाय माझ्या वाचकांच्या हातात काय पडतंय, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. त्या व्यवहाराची खरी किंमत मला फार उशिरा कळली.

गूगलची अ‍ॅडसेन्स सेवा २००३ सालची. पण तिथे हिंदी पानांना २०१४ मध्ये मुभा मिळाली आणि मराठीला २०१८ मध्ये. तोवर मराठीत छंदाबद्दल लिहिणाऱ्याला ते दार बंदच होतं. दार उघडल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी अर्ज केला. खात्यात दहा डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिनचं पाकीट येतं आणि शंभर डॉलर भरल्याशिवाय पैसे बँकेत जात नाहीत. माझे पहिले शंभर भरायला चौदा महिने लागले. हजार वेळा पान उघडलं गेलं तर पंचवीस-तीस रुपये, हा माझ्या मराठी पानांचा तेव्हाचा भाव होता.

हा भाव सगळ्या पानांना सारखा नव्हता, आणि तिथेच गोम होती. वाचक पान उघडतो त्या क्षणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. अक्षरवळण वाचायला आलेल्या माणसासाठी बोली लावणार कोण? त्याला काही विकत घ्यायचं नसतं. 'किंमत किती' विचारत आलेल्या माणसाच्या मनात मात्र पैशाची आशा असते आणि बोली त्या आशेवर लागते. लिहिण्यामागच्या कष्टाशी तिचा काही संबंध नसतो.

२०२० च्या टाळेबंदीत लोकांनी कपाटं आवरली, आजीच्या डब्या उघडल्या. किमतीच्या पानावर दिवसाला चार-चार हजार भेटी होऊ लागल्या. त्याच सुमारास मी आणखी एका जाहिरात कंपनीचा कोड त्या पानावर चढवला, कारण ती जवळजवळ दुप्पट देत होती. एका महिन्यात सहा हजार रुपये आले. जाहिराती मला दिसत होत्या : 'जुनी पाचची नोट आहे? पाच लाख मिळवा.' वाचक शहाणे आहेत, असं म्हणून मी ते चालू दिलं.

जून २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. देव्हाऱ्यातल्या दोन शिवराया विकायला त्यांनी त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला होता. आधी नोंदणीचे अकराशे पन्नास घेतले, मग 'कर' म्हणून चार हजार आठशे. पुढे नंबर बंद. आवाजात राग नव्हता. म्हणाले, "तुमच्या पानावर होती, म्हणून खरी धरली."

त्या रात्रीच कोड काढला. त्यांचे पैसे मी परत केले. ते घेत नव्हते, घ्यायला लावले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढलं : जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क वा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ते निवेदन आता माझ्या पानावर सगळ्यात वर आहे. पान नव्याने लिहिलं. नेहमी सापडणाऱ्या शिवराईला काही शे रुपये मिळतात, लाख नव्हे. जमिनीत सापडलेलं नाणं १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. या पानावर आता एकही जाहिरात नाही. महिन्याचं उत्पन्न सहा हजारांवरून नऊशेवर आलं.

पुढचं थोडक्यात. २०२४ पासून अ‍ॅडसेन्सचे पैसे क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मोजले जातात. माझ्या आकड्यात फारसा फरक पडला नाही. नाण्याची किंमत शोधयंत्र स्वतःच वरच्या वर सांगू लागलं, तशा त्या पानाच्या भेटी निम्म्यावर आल्या. अल्बमवाल्यांचं दुकान आता मुलगा बघतो. त्याची जाहिरात परत लावली आहे, महिन्याला दीड हजार. वही तीच नसली तरी रेघा तशाच आहेत.

त्या गुरुजींना मी म्हटलं होतं, नाणी विकू नका, आधी फोटो पाठवा, चिंच लावू नका. त्यांनी किराणा दुकानातल्या काळ्या पिशवीवर ठेवून फोटो काढले. एकावर 'सिव' आहे, वेलांटी शेंड्यापर्यंत पूर्ण, इतकी स्वच्छ मला तोवर मिळाली नव्हती. वजन त्यांनी गावच्या सोनाराकडून करून घेतलं. अक्षरवळणांच्या पानावर ते नाणं सत्तावीस क्रमांकाला आहे : तांबं, ८.९ ग्रॅम.