कुंडीतल्या अनंताचा पिवळेपणा

रोपवाटिकेतून आणलेले अनंताचे रोप कुंडीत पिवळे पडू लागले, की आधी पाहावे ते कोणती पाने पिवळी आहेत हे. खालची जुनी पाने पिवळी होऊन गळत असतील आणि माती सतत ओली असेल, तर मुळांना हवा मिळत नाही. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर बहुधा लोह कमी पडते आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण ५ ते ६. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तो वाढत जातो आणि मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा वेळी नुसते शेणखत वाढवून फारसे साधत नाही; चिलेटेड लोह द्यावे आणि शक्य तर साठवलेले पावसाचे पाणी.

मुळांची शंका असेल तर रोप अलगद बाहेर काढावे. निरोगी मुळे पांढरट, टणक असतात. कुजलेली काळपट आणि मऊ. ती कापून रोप कोकोपीट व जाड वाळू मिसळलेल्या ताज्या मातीत लावावे. मोठ्या कुंडीचा मोह टाळावा, कारण जास्तीची माती ओलीच राहते. सकाळचे ऊन, दुपारची सावली, आणि वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच पाणी. नवी फूट येईपर्यंत इतर खत नको (हाच संयम लोकांना जमत नाही). या काळात आलेल्या कळ्या खुडाव्यात.